टर्बो इंजिनासाठी एअरफ्लो मीटर कसा निवडायचा: ऑक्टाव्हिया आरएसवर सोडवलेलं उदाहरण

मोठा टर्बो बसवायचं ठरलं की नवख्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एअरफ्लो मीटर किती एमएमचा घेऊ?" व्यास हा या हिशोबातला अगदी शेवटचा आकडा आहे. त्याआधी तीन गोष्टी कागदावर यायला हव्यात. इंजिन पूर्ण बूस्टवर (बूस्ट म्हणजे टर्बोने दिलेला जादा दाब) सेकंदाला किती ग्रॅम हवा ओढणार, सिग्नलला उभं असताना किती ओढणार, आणि मीटरकडून आलेलं व्होल्टेज म्हणजे नेमकी किती हवा हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कोण सांगणार. या तिन्हींची उत्तरं मिळाली की मीटर जवळजवळ आपोआप ठरतो.

उदाहरणाला स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेऊ. भारतातल्या बऱ्याच जणांना पेट्रोल टर्बोची चटक याच गाडीने लावली. १.८ लिटर, वीस व्हॉल्व्ह, १५० एचपी, २१० न्यूटन मीटर. आत बॉशचा एमई७ ईसीयू आणि बॉशचाच एचएफएम५ जातीचा एअरफ्लो मीटर. लक्ष्य धरू ३०० एचपी. या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड हे त्याचं प्रसिद्ध दुखणं आहे, तेव्हा फोर्ज्ड रॉड, क्लच आणि इंधनपंप यांचा खर्च तुम्ही आधीच धरला आहे असं मी मानतो. धरला नसेल तर मीटरचा विचार आत्ता नको.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांच्यामुळे उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळी केलेली गाडी रस्त्यावर चालवणं अडचणीचं आहे, विम्याचा प्रश्न वेगळाच. इथलं सगळं ट्रॅकच्या गाडीसाठी आहे. कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, तिकडे ट्रेलरवर नेण्याच्या गाडीसाठी.

पायरी १: मीटर हवाच का, हे ठरवा

गाडी डिझेल असेल तर बहुधा हा लेख तुमच्यासाठी नाही. आपल्याकडच्या टर्बो डिझेलांमध्ये एअरफ्लो मीटरचं काम मुख्यतः ईजीआर (एग्झॉस्टचा थोडा वायू पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) सांभाळणं आणि धूर आवरणं हे असतं. डिझेल किती टाकायचं हे आधी पायाच्या दाबावरून ठरतं.

पेट्रोलमध्ये उलट आहे. आधी हवा मोजायची, मग तिच्या हिशोबाने पेट्रोल टाकायचं. हवा कळण्याचे दोन मार्ग आहेत. एक, मीटर बसवून थेट वस्तुमान मोजणं. दुसरा, इनटेक मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान मोजून, इंजिन किती टक्के भरतं याचा तक्ता वापरून हवेचा अंदाज काढणं. दुसऱ्या पद्धतीला ट्यूनर मंडळी स्पीड डेन्सिटी म्हणतात. तिच्यात नळीत काहीच आडवं येत नाही आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (थ्रॉटल बंद झाल्यावर जादा दाब सोडणारी झडप) हवेत सोडला तरी बिघडत नाही. पण कॅम बदला, हेड पोर्ट करा, एग्झॉस्ट बदला, की तो भरण्याचा तक्ता पुन्हा बसवावा लागतो. मीटरवाल्या गाडीला हे बदल बऱ्याच अंशी आपोआप कळतात, कारण ती अंदाज बांधत नाही, मोजते.

माझं मत सरळ आहे. कंपनीचाच ईसीयू ठेवणार असाल आणि तो मुळात मीटरवर चालणारा असेल तर मीटर ठेवा. स्वतंत्र ईसीयू लावणार असाल, कॅम मोठा असेल आणि बूस्ट दोन बारच्या वर जाणार असेल तर मीटर काढून टाका. आपल्या ऑक्टाव्हियाचा एमई७ हाडामांसाने मीटरवाला आहे. लोड (इंजिन हवेने किती भरलं तो आकडा), इग्निशन, टॉर्कचा हिशोब, सगळं मीटरवरून येणाऱ्या आकड्यावर उभं आहे. म्हणून मीटर राहील.

पायरी २: चार जाती ओळखा

जुन्या गाड्यांत फळीवाला मीटर असतो. हवेच्या जोराने स्प्रिंगवरची फळी उघडते, फळी किती उघडली त्यावरून हवा ठरते. १९७०च्या दशकातल्या बॉश एल-जेट्रॉनिकपासून तो आला. पोर्शे ९४४ टर्बो, बीएमडब्ल्यू ई३०, पहिली १.६ लिटरची माझदा एमएक्स-५ या गाड्यांत हाच आहे. टर्बोसाठी त्याचे दोन दोष आहेत. फळी वाटेत उभी असते, हा एक. दुसरा कमी लोकांना माहीत असतो: फळीवर पडणारा जोर घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराइतका असतो, म्हणून उंचीवर गेल्यावर घनतेच्या वर्गमुळाइतकी चूक होते. समुद्रसपाटीला बेतलेला असा मीटर महाबळेश्वरला नेला, जिथे हवेचा दाब साधारण १५ टक्के कमी आहे, की उंचीची वेगळी दुरुस्ती नसेल तर मिश्रण सात-आठ टक्के रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडतं. टर्बोच्या नव्या बांधणीत तो घेऊ नका.

दुसरी जात कार्मन व्हॉर्टेक्सची. हवेच्या वाटेत एक खांब उभा करायचा, त्याच्या मागे सुटणारे भोवरे मोजायचे. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनावर, म्हणजे गॅलंट व्हीआर-४ आणि लान्सर इव्होल्यूशनवर, हाच असे. तो फ्रिक्वेन्सी देतो आणि आकारमान मोजतो, त्यामुळे दाब आणि तापमानाचे सेन्सर त्याच्या जोडीला लागतातच. मित्सुबिशी सोडून इतरत्र तो लावण्यात अर्थ नाही.

तिसरी जात हॉट वायर. तापवलेल्या प्लॅटिनमच्या तारेला येणारी हवा थंड करते, ती तार ठरलेल्या तापमानावर ठेवायला किती करंट लागला त्यावरून थेट वस्तुमान कळतं. उंची, ऋतू, सगळं आपोआप धरलं जातं. बॉशच्या एलएच-जेट्रॉनिकमध्ये इंजिन बंद केल्यावर ही तार क्षणभर १००० अंशांच्या आसपास लालबुंद करून वरचा मळ जाळला जाई. निस्सान ३००झेडएक्सचा, म्हणजे झेड३२चा, ८० एमएमचा मीटर याच जातीचा. जपानी टर्बो गाड्यांच्या दुनियेत तो अजूनही चलनी नाणं आहे.

चौथी जात हॉट फिल्म. तारेऐवजी चिपवरचा पातळ पापुद्रा. आपला एचएफएम५ हाच. त्याचा मोठा गुण असा की तापलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजलं जातं, म्हणून उलट वाहणारी हवाही त्याला बऱ्यापैकी ओळखता येते. साध्या तारेला हवा आली की गेली हे कळत नाही, ती दोन्हीकडची हवा मोजून बसते.

पायरी ३: जास्तीत जास्त हवा मोजा, दोन वाटांनी

पहिली वाट ढोबळ आहे. टर्बो पेट्रोल इंजिनाला एका एचपीमागे सेकंदाला साधारण ०.८ ग्रॅम हवा लागते. ३०० एचपी म्हणजे सेकंदाला २४० ग्रॅम. मीटरचे तक्ते बहुतेक किलो प्रतितास या एककात असतात, म्हणून ३.६ ने गुणा: ८६४ किलो प्रतितास.

दुसरी वाट इंजिनाकडून येते, आणि ती करायचीच. इंजिन १७८१ सीसीचं. चार स्ट्रोक असल्याने दर दोन फेऱ्यांना एकदा भरतं. ६५०० आरपीएमला ते मिनिटाला ५७८८ लिटर, म्हणजे सेकंदाला ९६.५ लिटर गिळतं. पूर्ण भरत नाही, ९५ टक्के धरा: ९१.७ लिटर. आता मॅनिफोल्डमधली घनता. बूस्ट गेजवर १.४ बार म्हणजे समुद्रसपाटीला सुमारे २.४ बार निरपेक्ष, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून, एकूण दाब. इंटरकूलरनंतर (टर्बोत तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतर) ४५ अंश सेल्सिअस म्हणजे ३१८ केल्विन. दाब भागिले वायूचा स्थिरांक २८७ आणि तापमान यांचा गुणाकार: २,४०,००० भागिले २८७ × ३१८, म्हणजे लिटरमागे २.६३ ग्रॅम. गुणाकार केला की सेकंदाला २४१ ग्रॅम, तासाला ८६८ किलो.

दोन्ही वाटा एकाच आकड्याशी आल्या. तुमच्या बांधणीत त्या दहा टक्क्यांहून जास्त फरकाने वेगळ्या आल्या, तर ठरवलेली ताकद आणि ठरवलेला बूस्ट एकमेकांशी जुळत नाहीत. त्यातलं एक बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे गणित करायचं ते मुळात यासाठीच.

१.४ बार हा आकडाही हवेतून काढलेला नाही. या गाडीचा मूळ बूस्ट सेन्सर २.५ बार निरपेक्ष दाबापर्यंतच वाचतो आणि एमई७च्या आतला दाबाचा हिशोब २५६० मिलिबारला संपतो. २.४ वर राहिलात तर ही दोन्ही दुखणी अंगावर येत नाहीत. पुण्यात हवेचा दाबच ०.९५ बारच्या आसपास असतो, त्यामुळे गेजवर तेच १.४ दिसले तरी निरपेक्ष दाब २.३५ भरतो. गणितात नेहमी निरपेक्ष दाब वापरा.

आता यावर राखीव जागा. थंडीच्या पहाटे इंटरकूलरनंतरचं तापमान ४५ ऐवजी २० अंश राहिलं तर त्याच बूस्टवर साडेआठ टक्के जास्त हवा जाते: ९४२ किलो प्रतितास. वर वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप) उघडेपर्यंत बूस्ट क्षणभर चढतो तो वेगळा. म्हणून १५ टक्के राखीव धरतो. ८६८ ला १.१५ ने गुणलं की ९९८.

पायरी ४: मीटरची दोन्ही टोकं बघा

बॉशच्या एचएफएम५ कुटुंबात वेगवेगळ्या पल्ल्यांचे मीटर मिळतात. ८ ते ३७० किलो प्रतितास, १० ते ४८०, १२ ते ६४०, आणि सर्वात मोठा २० ते १०००. ०.८ ग्रॅमचा नियम उलटा लावून बघा. ४८०चा मीटर साधारण १६५ एचपीला पुरतो, ६४०चा २२० एचपीला, १०००चा ३४५ एचपीला. १५० एचपीच्या इंजिनाला ४८०च्या वर्गातला मीटर का पुरतो आणि त्याच इंजिनाच्या २२५ एचपीच्या ऑडी टीटीला मोठं हाउसिंग, म्हणजे सेन्सर बसतो ती नळी, का लागतं, हे इथे उलगडतं.

आपल्याला हवेत ९९८. म्हणजे १०००चा. वरचं टोक सुटलं.

आता खालचं टोक बघा, कारण विकणारा ते कधीच सांगत नाही. आपलं १.८टी, म्हणजे १.८ लिटर टर्बो इंजिन, आयडलवर, म्हणजे नुसतं उभं चालू असताना, सेकंदाला तीन ग्रॅमच्या आसपास हवा घेतं. ३.६ ने गुणा: तासाला जेमतेम ११ किलो. १०००च्या मीटरचा पल्ला सुरूच होतो २० पासून! ट्रकच्या वजनकाट्यावर पावशेर गूळ तोलण्यातला प्रकार. काटा हलेल, पण आकड्यावर विश्वास ठेवता येणार नाही. आयडलला गाडी गुरगुरते, एसी लावला की बंद पडू बघते, ट्रॅफिकमध्ये झटके देते, याचं मूळ अनेकदा इथे असतं आणि दोष बिचाऱ्या इंजेक्टरला दिला जातो.

तरीही १०००चा घ्यावा का? ट्रॅकच्या गाडीसाठी हो. आयडलला ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती चालू असते, ती बरंच सांभाळून घेते, शिवाय ईसीयूमधल्या, व्होल्टेजवरून हवा काढण्याच्या तक्त्याचा खालचा भाग ट्यूनरने हाताने नीट बसवला की गाडी सुसह्य होते. पण लक्ष्य २२० एचपीवर आणलंत तर ६४०चाच घ्या. "पुढे कधीतरी मोठा टर्बो लावू, तर आत्ताच मोठा मीटर घेऊन ठेवू" हा विचार इथे महागात पडतो. गरजेपेक्षा मोठा मीटर रोजच्या वापरात रोज त्रास देतो.

पायरी ५: हाउसिंग बदलण्याचा सापळा

सगळ्यात जास्त इंजिनं या पायरीवर जातात, म्हणून जरा सावकाश.

एचएफएम५चा सेन्सर दोन स्क्रूंनी हाउसिंगमध्ये बसतो. तो काढून मोठ्या व्यासाच्या नळीत घातला की पल्ला वाढतो, कारण सेन्सरला फक्त त्याच्यासमोरून जाणाऱ्या हवेचा वेग कळतो. तीच हवा रुंद नळीतून गेली की वेग कमी. पल्ला क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गाने. आतला व्यास ६० वरून ७० एमएम केला तर ३६ टक्के, ६० वरून ८३ केला तर ९१ टक्के. स्वस्त आणि चांगली युक्ती आहे, जगभर वापरतात.

पण ईसीयूला हाउसिंग बदललेलं माहीत नसतं. ६० ऐवजी ७०चं हाउसिंग लावलं आणि तक्ता तसाच ठेवला, तर खरी हवा सेकंदाला २०० ग्रॅम असताना ईसीयूला १४७ दिसतात. तो १४७ ग्रॅमांपुरतं पेट्रोल टाकतो. लॅम्डा (प्रत्यक्ष मिश्रणाचं आदर्श मिश्रणाशी गुणोत्तर; एकच्या वर गेला की लीन, म्हणजे पेट्रोल कमी) ०.८५ असायला पाहिजे, तो १.१६ होतो. पूर्ण बूस्टवर एवढं लीन मिश्रण म्हणजे पिस्टनचा निरोपसमारंभ.

मग कोणीतरी तोडगा सांगतो: इंजेक्टरही ३६ टक्के मोठे घाल, हिशोब आपोआप जुळतो. पेट्रोलचा हिशोब खरंच जुळतो, वाइडबँडवर (एग्झॉस्टमधून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरवर) सगळं सुरेख दिसतं. पण ईसीयू इग्निशन लोडवरून ठरवतो आणि लोड मीटरवरून. त्याला अजूनही १४७च दिसत आहेत. त्याच्या मते इंजिनावर फारसा भार नाही, म्हणून तो हलक्या लोडचा, म्हणजे जास्त आगाऊ स्पार्क देतो. खरा भार मात्र ३६ टक्के जास्त. नॉक सेन्सर (सिलिंडरमधली अवेळी स्फोटाची ठोक ओळखणारा) काही काळ स्पार्क मागे खेचत राहतो, मग एके दिवशी त्याचीही हद्द संपते. कार्ब्युरेटरच्या पिढीतले चांगले मिस्त्रीसुद्धा इथे फसतात, कारण मिश्रण बरोबर म्हणजे इंजिन सुरक्षित ही त्यांची जन्मभराची समजूत.

तेव्हा नियम एकच: मीटर, त्याचं हाउसिंग आणि ईसीयूमधला त्याचा तक्ता ही एक वस्तू आहे. यातलं काहीही बदललं की तक्ता बदलायचा, आणि इंजेक्टरचा स्थिरांक (इंजेक्टर किती पेट्रोल सोडतो तो ईसीयूतला आकडा) त्याच्या जागी वेगळा भरायचा. एमई७मध्ये मीटरचा तक्ता ५१२ बिंदूंचा आहे. क्षेत्रफळाच्या गुणोत्तराने तो वाढवणं ही सुरुवात झाली, नळीतल्या प्रवाहाचा आकार बदललेला असल्याने पुढे वाइडबँड लावून बारीक दुरुस्ती करावीच लागते. म्हणून नवख्यांना माझा सल्ला: स्वतःच्या हाताने नळी वेल्ड करून घेण्यापेक्षा ज्याचा तक्ता उपलब्ध आहे असं कंपनीचंच मोठं हाउसिंग शोधा. चार पैसे जास्त जातील, पण डायनोवरचे (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचे) तास वाचतील.

पायरी ६: सिग्नल आणि कनेक्टर जुळतात का

छोटी पायरी, पण पार्सल परत पाठवायची वेळ इथेच येते. एचएफएम५ शून्य ते पाच व्होल्टचा अॅनालॉग सिग्नल देतो. त्यानंतरच्या पिढ्यांत फ्रिक्वेन्सी देणारे मीटर आले. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांचे मीटरही फ्रिक्वेन्सीच देतात. एमई७ला व्होल्टेजच समजतं, तेव्हा फ्रिक्वेन्सीवाला कितीही चांगला असो, घेऊ नका. १.८टी च्या पाच पिनांच्या कनेक्टरवर २ नंबरला १२ व्होल्ट, ३ला ग्राउंड, ४ला ५ व्होल्ट आणि ५ला सिग्नल असतो. दुसऱ्या गाडीचा सेन्सर लावताना कनेक्टर बसला म्हणजे पिना जुळल्या असं समजू नका. मल्टिमीटर लावून बघा.

पायरी ७: जागा आणि नळ्या

मीटर फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये ठेवा. काही लोक इंटरकूलरनंतर, दाबाच्या बाजूला बसवतात. त्यात ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह हवेत सोडता येतो, पण टर्बोने सोडलेलं तेल थेट सेन्सरवर येतं. पहिल्या बांधणीत हा खेळ नको.

फिल्टरच्या बाजूला ठेवल्यावर एक शिस्त पाळावी लागते: मीटरमधून गेलेली हवा इंजिनातच जायला हवी, आणि इंजिनात जाणारी प्रत्येक हवा मीटरमधून यायला हवी. म्हणून डायव्हर्टर, म्हणजे ब्लो-ऑफ, व्हॉल्व्हची हवा टर्बोच्या तोंडाशी परत सोडा, जशी कंपनीने दिली आहे. ती बाहेर सोडली की गिअर बदलताना "फुस्स" आवाज मस्त येतो आणि मागोमाग काळा धूर, कारण मोजलेली हवा पळाली आणि पेट्रोल मात्र पडलं. क्रँककेसची वाफही मीटरनंतरच जोडा. ती नळी काढून कॅच कॅन (वाफेतलं तेल साठवणारा डबा) उघडा ठेवणार असाल तर इनटेकवरचं मोकळं तोंड बूच मारून बंद करा. मीटर आणि टर्बोच्या मध्ये कुठेही भोक राहिलं की न मोजलेली हवा आत येते आणि मिश्रण लीन होतं. टर्बोनंतर, बूस्टच्या नळीत भोक असेल तर बूस्टवर मोजलेली हवा बाहेर जाते आणि रिच होतं. लक्षणं उलटी आहेत, लक्षात ठेवा, दुरुस्तीच्या वेळी अर्धा दिवस वाचतो.

सेन्सरच्या आधी व्यासाच्या चार-पाच पट तरी सरळ नळी ठेवा. ८० एमएमला तो फूट-सव्वा फूट होतो, जो ऑक्टाव्हियाच्या बॉनेटखाली मिळत नाही. म्हणूनच हाउसिंगच्या तोंडाशी प्रवाह सरळ करणारी जाळी असते. "हवा अडते" म्हणून ती कापून टाकणारे बहाद्दर आहेत. जाळी गेली की कोपऱ्यातून वळून आलेली हवा सेन्सरवर तिरकी आदळते आणि तोच मीटर वेगळे आकडे देतो. फिल्टर शक्यतो कोरडा घ्या. तेल लावलेल्या कापडी फिल्टरला घरी धुऊन हात सैल सोडून तेल लावलं की ते सेन्सरवर जाऊन बसतं. आणि फिल्टर बंपरमध्ये खाली नेऊ नका. आपल्या पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्याचा एक शिंतोडा तापलेल्या पापुद्र्याला पुरेसा होतो.

पायरी ८: विकत घेताना

एचएफएम५च्या नकली मालाचा सुळसुळाट आहे. खोकं हुबेहूब, होलोग्राम हुबेहूब, किंमत निम्मी. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून किंवा ऑनलाइन जुना घेणार असाल तर हाउसिंगसकट घ्या. नुसता सेन्सर घेऊ नका, कारण तो कोणत्या हाउसिंगमधला होता हे कळत नाही आणि पाचव्या पायरीचा घोळ सुरू होतो.

पहिली तपासणी सोपी आहे. मीटर जोडा, चावी ऑन करा, इंजिन सुरू करू नका, दोन्ही तोंडांवर हात ठेवा. ५ नंबरच्या पिनेवर १.० व्होल्ट दिसायला हवेत. दोन-तीन शतांश इकडेतिकडे चालतात. १.१ दिसला तर सेन्सर थकला आहे. मळलेला असेल तर एअरफ्लो सेन्सरसाठीच बनवलेला स्प्रे मारा, पूर्ण वाळू द्या, मग जोडा. कार्ब्युरेटरचा स्प्रे, ब्रेक क्लीनर, कानात घालायची कापसाची काडी, यातलं काहीही लावू नका.

पायरी ९: बसवल्यावर आकडे वाचा

आधी गळती. मीटरनंतरच्या नळीला बूच लावून अर्धा बार हवा भरा, साबणाचं पाणी मारा. ही तपासणी टाळून ट्यूनिंगला जाणं म्हणजे ट्यूनरच्या तासांचे पैसे क्लॅम्प शोधण्यात घालवणं.

मग व्हीसीडीएस, म्हणजे ईसीयूतले आकडे लॅपटॉपवर दाखवणारं सॉफ्टवेअर, जोडा. ग्रुप ००२ मध्ये आरपीएम, लोड, इंजेक्शनचा वेळ आणि हवा ग्रॅम प्रतिसेकंद दिसते. इंजिन गरम झाल्यावर आयडलला दोन ते चार ग्रॅम हवेत. त्यानंतर ग्रुप ०३२ बघा: पहिला आकडा आयडलची दुरुस्ती, दुसरा अर्ध्या लोडची. आयडलचा मोठा आणि अधिक (+), दुसरा ठाकठीक, म्हणजे गळती. आयडल ठीक, पण दुसरा सातत्याने अधिक, म्हणजे मीटर कमी सांगतोय, तक्ता बघा. दोन्ही उणे असले तर इंजेक्टरचा स्थिरांक किंवा पेट्रोलचा दाब तपासा.

इथे पेट्रोलविषयी थोडं. मिश्रणाचं गुणोत्तर १४.७ ला एक, हे शुद्ध पेट्रोलचं. आता पंपावर इ२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, त्याचं गुणोत्तर साधारण १३.५ आहे. मीटर हवाच मोजतो, त्याला इथेनॉल कळत नाही. म्हणून वाइडबँड लॅम्डात वाचा, गुणोत्तरात नको. इंजेक्टरही याच हिशोबाने निवडा. २४१ ग्रॅम हवा, लॅम्डा ०.८२, इ२०: सेकंदाला सुमारे २१.८ ग्रॅम इंधन, चार इंजेक्टरांत वाटलं आणि ८५ टक्क्यांहून जास्त उघडे ठेवायचे नाहीत म्हटलं की एकेक सव्वापाचशे सीसीच्या आसपास लागतो. ५५०चे घ्या. जुन्या पुस्तकी हिशोबाने साडेचारशे सीसीचे घेतलेत तर वरच्या आरपीएमला कमी पडतील.

शेवटी डायनोवर किंवा ट्रॅकवर तिसऱ्या गिअरमध्ये २५०० पासून ६५०० पर्यंत पूर्ण थ्रॉटल, पहिल्यांदा कमी बूस्टवर. ग्रॅमांचा आलेख आरपीएमसोबत चढत जायला हवा. तो एका आकड्याला जाऊन सपाट झाला आणि बूस्ट मात्र तसाच आहे, तर मीटरची हद्द संपली. त्या क्षणी पाय काढा, कारण तिथून पुढची हवा ईसीयूला दिसतच नाही. ग्रुप ११५ मध्ये मागितलेला आणि मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी दिसतो, तो आलेखावर ठेवा. तिसऱ्या पायरीत काढलेल्या २४१ च्या आसपास आलात तर बूस्ट टप्प्याटप्प्याने वाढवा. पाच टक्क्यांहून जास्त खाली राहिलात तर आधी गळती, मग तक्ता, मग इंटरकूलरनंतरचं तापमान, याच क्रमाने शोधा.

मूळ मीटर विकू नका. त्याच्या हाउसिंगसकट पिशवीत घालून ठेवा आणि मूळ ईसीयू फाइलची प्रत पेनड्राइव्हवर त्याच पिशवीत टाका. कधी काही बिनसलं तर दोन्ही एकदम परत लावायची, एकेकटी नाही.